मिठाच्या बर्फातलं औषध

तुझ्या कॉलेजातून फोन आला होता, रफीक. शोकसभा ठेवली आहे, तुम्ही त्यांचे जुने मित्र, दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, दोनच बोलायचे असतील तर माझ्याकडे तयार आहेत, पण ते माइकवर चालायचे नाहीत. पलीकडचा माणूस नवीन असावा. "बरं सर" म्हणाला आणि फोन ठेवला. मला 'सर' म्हणणारा तो जगातला पहिला माणूस. तू असतास तर आठ दिवस हसला असतास.

सभेला मी गेलो नाही. तू कुठे शिकलास, प्राणिशास्त्र किती वर्षं शिकवलंस, ते ज्यांना सांगायचं त्यांनी सांगितलं. मृदुभाषी होते, उभ्या जन्मात कोणाला दुखावलं नाही, असंही नक्की कोणीतरी म्हणालं असणार. त्याच वाक्यावर मी उठून उभा राहिलो असतो, म्हणून गेलो नाही. तुला देऊळघाटच्या मातीत ठेवून आज बारावा दिवस आहे आणि माझा राग उतरायचं नाव घेत नाही. दुकानात साचे हलवता हलवता मी तुझ्याशी भांडतो. परवा एक गिऱ्हाईक घाबरून कुल्फी न घेताच गेलं.

तुझा तो मृदूपणा मला काही आज कळलेला नाही. सीताफळाची कुल्फी आठवते? मी नवीन काढली होती. पहिला साचा तुला दिला. तू डोळे मिटून खाल्लास आणि म्हणालास, "काही तरी येगळंच आहे बे हे." मी ते कौतुक समजलो. दुकानावर पाटी लावली. चार महिने तू रोज संध्याकाळी यायचास आणि इमानदारीनं एक संपवायचास. मग एकदा शमीमभाभी बाजाराला म्हणून आली, एक घास घेतला आणि तिथेच थुंकली. म्हणाली, "भाऊ, हे तं साबन आहे." मी तुझ्याकडे पाहिलं. तू आभाळाकडे पाहिलंस. चार महिने तू साबण खाल्लास, रफीक, आणि मला चकार शब्द बोलला नाहीस. अख्खं गाव आपल्या दुकानासमोरून काऊन लवकर लवकर जाऊन राह्यलं, ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा मी हसलो होतो. हसायला नको होतं. तेव्हाच तुझी कॉलर धरायला पाहिजे होती.

तुझ्या कॉलेजात मी बर्फ द्यायचो. केळ्यातून का कशातून डीएनए काढायचं प्रात्यक्षिक असलं की तुला बर्फ लागायचा, आणि बर्फ टाकून झाला की मी मागच्या बाकावर बसून राहायचो. अकरावीत नापास झालेल्या माणसाला बारावीच्या वर्गात बसायचा शौक होता, तो तू पुरा केलास. एकदा रक्तगट दाखवायचा होता. मुली बोट द्यायला तयार होईनात. मी ऐटीत पुढे गेलो आणि बोट काढून दिलं. तू सुई टोचलीस. रक्ताच्या दोन थेंबांत एकीकडे निळं टाकलंस, दुसरीकडे पिवळं. निळ्यात माझ्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. त्या पाहिल्या आणि मी तिथेच आडवा. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्याच बर्फाची पिशवी माझ्याच डोक्यावर होती आणि तू पोरांना सांगत होतास, "घाबरू नका, काकाचा गट ए निघाला." त्या निळ्या-पिवळ्या बाटल्यांत काय असतं, ते सांगता सांगता तू त्या तासाला तिकडे वळलास. मोनोक्लोनल अँटिबॉडी. मराठी पुस्तकात तिला एककृंतकी प्रतिपिंड म्हणतात म्हणालास, आणि पोरं माझ्यापेक्षा जास्त बेशुद्ध झाली.

मग तू खडू खाली ठेवलास. खडू खाली ठेवलास की तुझं खरं शिकवणं सुरू व्हायचं.

प्रतिपिंड म्हणजे दोन हात वर केलेला पहारेकरी, असं म्हणून तू स्वतःच दोन हात वर करून उभा राहिलास. हा पहारेकरी फक्त एकच चेहरा ओळखतो. तो चेहरा दिसला की दोन्ही हातांनी धरतो, दुसऱ्याकडे ढुंकून पाहत नाही. आता असा एकाच चेहऱ्याचा पहारेकरी आपल्याला भरपूर पाहिजे, तर काय करायचं? उंदराला तो चेहरा टोचायचा. उंदराच्या तिल्लीत, म्हणजे प्लीहेत, पहारेकरी घडवणाऱ्या पेशी तयार होतात. प्रत्येक पेशीला एकच पहारेकरी घडवता येतो, पण तो ती फार छान घडवते. अडचण एकच. तिल्लीतून बाहेर काढली की चार-आठ दिवसांत मरते. दुसरीकडे कर्करोगाची पेशी घ्या. ती मरत नाही, नुसती वाढत सुटते, पण तिला काहीच येत नाही.

"म्हणजे एक हुशार अन् अल्पायुषी. दुसरी ढ अन् अमर," तू म्हणालास आणि मागच्या बाकाकडे बोट केलंस. "माही अन् भास्करकाकाची जोडी."

पोरं फिदीफिदी हसली. मी उठून सलाम केला.

या दोघींना जोडायचं, तू सांगत होतास. जोडून अशा पाण्यात ठेवायचं की एकटी कर्करोगाची पेशी त्यात जगू शकत नाही, आणि एकटी तिल्लीची तशीही मरणारच असते. उरतात फक्त जोडलेल्या. मग एका खळग्यात एक, अशा त्या वेगळ्या करायच्या आणि कोणती नेमका आपला पहारेकरी घडवते ते बसून तपासायचं. शेकड्यांत एखादी सापडते. तिची पिलावळ वाढवायची. सगळी पिलावळ एकीचीच, म्हणून सगळे पहारेकरी अगदी एकसारखे.

मी मागून विचारलं, "अन् मास्तर, उंदराचं काय होते?"

"मरते."

"त्याचा फोटो-गिटो लावते काय कोनी?"

वर्ग हसला, पण तू हसला नाहीस. विचारात पडल्यासारखा म्हणालास, "लावाले पाह्यजे." मग सांगितलंस की आता प्रत्येक वेळी उंदीर लागतही नाही. पेशीतली कृती उचलून दुसऱ्या पेशींत घालतात आणि दूध संघाच्या टाक्यांसारख्या स्टीलच्या टाक्यांत त्या वाढवतात. उंदराचा भाग काढून माणसाचा बसवतात, म्हणजे आपलं अंग त्याला परकं समजून हाकलत नाही. कर्करोगावर, सांधे आखडतात त्याच्यावर, पिसाळलेला कुत्रा चावला तर जखमेत भरायला, सगळीकडे हेच. एका पोरीनं विचारलं, "सर, तुम्ही पाहिलं आहे का हे औषध?" तू म्हणालास, "नाही बाई. आपल्या जिल्ह्यात ते फक्त पुस्तकात आहे."

तुला दाढी करताना मानेत गाठ लागली, तेव्हा पहिला फोन मला केलास. लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. त्याही फोनवर तू मला धीर देत होतास. कर्करोग कोणाला झाला होता, ते थोडा वेळ माझ्या लक्षातच राहिलं नाही. अकोल्याला डॉक्टरांनी केमोबरोबर एक औषध सांगितलं. नाव मला आजही नीट घेता येत नाही. शेवटी 'मॅब' येतं. तू कागद वाचलास आणि पोराला नवी सायकल मिळावी तसा तुझा चेहरा झाला.

"भास्कर्‍या, हे तेच आहे बे! बी नावाच्या पेशीवर एक खूण असते, तेवढीच ओळखते. थोडंसं उंदराचं, बरंचसं मानसाचं."

"मेल्या, तुले गाठ आहे," मी म्हटलं.

"हाव, पन पाह्य ना. मी इतके वर्षं जे फळ्यावर काढलं, ते आता माह्या नसेत जाईन. असं कोन्या मास्तराच्या नशिबी येते?"

पहिल्या डोसला तुला अशी हुडहुडी भरली की पलंग वाजत होता. सिस्टरनं थेंब कमी केले, अंगावर दोन ब्लँकेटं टाकली. तू कडकडणाऱ्या दातांतून मला समजावत होतास की हे चांगलं लक्षण आहे, पेशी फुटून राह्यल्या. मी मान डोलावत होतो आणि तुझी चप्पल हातात धरून उभा होतो. का धरली होती, देव जाणे.

तीन डोस अकोल्याला झाले. दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा द्यायचे होते. मे महिना लागला आणि तुला प्रवास सोसेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, चौथा बुलडाण्यालाच लावू, ओळखीचा दवाखाना आहे, औषध मात्र अकोल्याहून थंडीत आणावं लागेल. थंडीत! हा शब्द ऐकल्याबरोबर मी भर खोलीत छाती ठोकली. आठवतं? तू, भाभी, डॉक्टर, सिस्टर, सगळ्यांसमोर. "थंडीचं माह्यावर सोडा. तीन पिढ्या थंडीच खाऊन राह्यलो आम्ही."

अकोल्याच्या औषधवाल्यानं मला थर्माकोलचा छोटासा डबा दिला. आत दोन निळ्या जेलच्या पिशव्या. म्हणाला, "काका, दोन ते आठ डिग्री. बर्फाला टेकवू नका, गोठलं तर गेलं." बाहेर अकोल्याचं ऊन. डांबर बुटाला चिकटत होतं. मी त्या निळ्या पिशव्या दाबून पाहिल्या. लेकराच्या उशीसारख्या मऊ! मी म्हटलं, "मले थंडी शिकवतं काय बे? ह्यानं खामगावही यायचं नाही." त्याच्या डोळ्यांदेखत त्या पिशव्या त्याच्याच गल्ल्यावर ठेवल्या आणि गाडीतली माझी पेटी काढली.

कुल्फीवाला पेटी कशी भरतो, ते तुला माहीत होतं. बर्फ फोडायचा आणि त्यात जाडं मीठ घालायचं. मिठाशिवाय बर्फ म्हणजे नुसतं गार पाणी. मीठ पडलं की तो शून्याच्या खाली जातो आणि साचा घट्ट धरतो. माझ्या आज्यानं असंच केलं, बापानं असंच केलं, माझे हात न विचारता असंच करतात. औषधाचा पुठ्ठा पिशवीत घातला, गाठ मारली आणि बरोब्बर मधोमध, मिठाच्या बर्फात, मानेपर्यंत गाडला. वर आणखी एक मूठ मीठ टाकलं. तुझ्यासाठी म्हणून जास्त टाकलं, रफीक.

खामगाव सोडलं, बोथ्याचं जंगल लागलं, आणि मला वाटलं एकदा पाहावं. पुलाच्या कठड्यापाशी गाडी थांबवली. पिशवी फाटली होती, पुठ्ठा खाऱ्या पाण्यात भिजून लिबलिबीत झाला होता. दोन बाटल्या होत्या, एक मोठी, एक छोटी. दोन्ही पांढऱ्याशुभ्र. मी मोठी उलटी केली. काही हललं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात पक्की जमलेली कुल्फी.

मग मी काय केलं? परत फिरलो? फोन केला? नाही. मी कठड्यावर बसलो आणि एक बाटली एका काखेत, दुसरी दुसऱ्या काखेत धरली. समोर झाडावर वानरं. एसटी गेली, तिचा ड्रायव्हर मला ओळखणारा निघाला. गाडी हळू करून म्हणतो, "काय भास्करभाऊ, दोन्हीकून ताप मोजून राह्यले काय?" मी हसलो. दात काढून हसलो. अर्ध्या तासात दोन्ही बाटल्या पाण्यासारख्या नितळ झाल्या. पुठ्ठा बॉनेटवर वाळवला, औषध परत आत ठेवलं, मीठ फेकलं, चार खडे बर्फ ठेवले आणि गड जिंकल्याच्या थाटात दवाखान्यात आलो. मनाची समजूत घातली होती की वितळलं म्हणजे होतं तसं झालं. कुल्फीचं दूध होतंच की परत. पण खोटं कशाला बोलू? ती समजूत पक्की असती तर मी बॉनेटवर पुठ्ठा वाळवला नसता.

सिस्टरनं बाटली उजेडात धरली. "मस्त थंड आणलं हो भाऊ तुम्ही." मी फुगलो. तू पलंगावर टेकून बसला होतास, सुई आधीच लावलेली. तू पुठ्ठा हातात घेतलास, उलटसुलट केलास, वाचलास. वाचायचा तुला नादच होता. मग माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "शाब्बास भास्कर्‍या. तुह्यासारखा थंडीवाला जिल्ह्यात नाही."

ते वाक्य मी दोन वर्षं छातीला लावून हिंडलो.

त्या डोसला तुला हुडहुडी भरली नाही. सगळे म्हणाले, अंगाला सवय झाली, चांगलं आहे. पुढचे दोन डोस डॉक्टरांच्या माणसानं आणले. सहा संपले, पावसाळा संपता संपता तपासणी झाली, गाठी दिसल्या नाहीत. तू कॉलेजात परत गेलास. पेढे वाटलेस, आणि मी सगळ्या कॉलेजाला फुकट कुल्फी. वर्षभरानं काखेत पुन्हा गाठ लागली. पुढचं मी लिहीत नाही. ते तुझ्या अंगानं सोसलं, माझी लेखणी त्यात काय भर घालणार?

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेलो. भाभीची इद्दत, चार महिने दहा दिवस परक्या माणसासमोर यायचं नाही, म्हणून ती पडद्याआड बसली. तुझ्या थोरलीनं चहा आणून ठेवला. मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. तू होतास तोवर हिंमत झाली नाही, म्हटलं आता निदान भाभीला तरी सांगू. चहा निवला. मी पडद्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. मीठ, कठडा, काखा, बॉनेट. माझ्या सवयीनं वानरंही सांगितली.

पडद्यामागून भाभीचा आवाज आला. मला तो ओळखूच आला नाही.

"त्याहीले माहीत होतं, भाऊ."

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"मिठाचे दाने होते पुठ्ठ्यावर. बोटानं जिभेला लावून पाह्यले त्याहीनं. घरी येऊन मले सांगतलं. म्हने भास्करनं दवाई जमवून आनली."

"मंग बोलला काऊन नाही?"

"मीही हेच म्हनलं. म्हने, एवढ्या उन्हात आनली त्यानं, चार मानसात त्याचं तोंड कसं पाडू? मी म्हनलं डॉक्टरले तं सांगा. म्हने सांगतो, उद्या सांगतो. मी रोज म्हनलं. मंग तपासनी चांगली आली तं म्हने, पाह्य, काही झालं नाही, आता कायले काढतं."

मी काहीतरी पुटपुटलो. भाभी, माझी चूक, असं काहीसं. पडदा हलला. तिनं तो मुठीत धरला असावा.

"तुम्ही आपलं तोंड सांभाळत बसले, तेही तुमचंच तोंड सांभाळत बसले. दोघायची दोस्ती लय मोठी. माह्या घरातलं मानूस गेलं."

चहा तसाच राहिला. चपला घालताना माझे पाय सापडेनात.

आता सांग, रफीक, मी तुझ्यावर रागवू नको तर काय करू? माझी चूक माझी आहे. ती मी कोणाच्या पदरात टाकत नाही. त्या पुठ्ठ्यावरच्या इंग्रजी मुंगीअक्षरांच्याही नाही, आणि दोन बाटल्यांसाठी शंभर किलोमीटर माणूस पळवणाऱ्या आपल्या व्यवस्थेच्याही नाही, जरी तिच्याही नावानं मी रोज दोन शिव्या देतो. मी गाढव होतो. पण तू? तू तर मास्तर होतास. गोठलं की त्या पहारेकऱ्याचे हात मुडपतात, ते एकमेकांत गुंततात, वितळल्यावर पाणी नितळ दिसतं पण धरणारे किती उरले ते डोळ्यांना कळत नाही, हे परवा डॉक्टरनं मला सांगितलं. तुला ते त्या पलंगावर बसल्या बसल्या माहीत होतं. जिभेवर मीठ होतं. सिस्टर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं.

तुला विद्यार्थ्यांच्या वहीतली चूक लाल पेननं दाखवणं जमायचं नाही. पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचास, म्हणजे पोराला खोडता येईल. मी किती भांडलो त्यावरून. "लाल पेन घे बे, त्याहीले लागू दे." तू म्हणायचास, "लागून कोनी शिकते काय?" तो वाद आपला अर्धाच राहिला. आता ऐक माझं उत्तर. हो. लागून शिकते. मला लागलं असतं. चारचौघांत माझं तोंड पडलं असतं, मी आठ दिवस दुकान उघडलं नसतं, भाभीसमोर मान वर केली नसती. पण दुसरी बाटली आली असती. तू माझा मान राखलास म्हणे. कोणता मान? तीन पिढ्यांचा मिठाचा मान? तो तुझ्या नसेपेक्षा मोठा होता?

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? तू मला तुझ्यापुढे लेकरू समजलास. मला खरं सोसणार नाही असं तू परस्पर ठरवलंस. साबणाची कुल्फी काय, हे काय, तुला दोन्ही सारखंच. मित्राला बोलायचं असतं, रफीक. ज्याला बोलत नाहीत तो गिऱ्हाईक.

हो, डॉक्टरकडेही गेलो. मला दोनांतलं एक वाक्य पाहिजे होतं. "तुमच्यामुळे गेले" किंवा "तुमच्यामुळे नाही." कोणतंही चाललं असतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही. सहाच्या सहा डोस चोख मिळालेल्यांचाही आजार उलटतो. सहातला एक वाया गेला म्हणून उलटला, असं मी म्हणू शकत नाही. त्यामुळे नाही उलटला, असंही म्हणू शकत नाही. पण तेव्हाच कळलं असतं तर आठवड्यात दुसरा लावला असता. एवढंच नक्की." मी म्हटलं, "डॉक्टर, थोडं रागवा तरी." ते म्हणाले, "काका, पाणी घ्या." हाही तुझ्याच जातकुळीचा निघाला.

हे सगळं मी कालपर्यंत डोक्यात घेऊन फिरत होतो. काल दुपारी दुकानात एक बाई आली. तिशीची असेल, बीबी गावची. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात थर्माकोलचा डबा. तिच्या आईला स्तनाचा कर्करोग. बुलडाण्यात औषध मागवून घेतलेलं, उद्या तिकडे जवळच्या दवाखान्यात लावायचं. दुकानात पाच-सात जण कुल्फी खात होते.

"भाऊ, बर्फ द्या किलोभर," ती म्हणाली. "मीठ टाकूनच द्या. मंग टिकतो म्हनत्यात."

माझा हात मिठाच्या डब्यावर होता. खरंच सांगतो, हात गेलाच होता.

मी म्हटलं, "बाई, मीठ नाही, बर्फही नाही. औषधाचं नाव काय? शेवटी मॅब आहे का?" तिनं पुठ्ठा दाखवला. होतं. मग मी सांगायला लागलो, गोठू द्यायचं नाही, बर्फाला टेकू द्यायचं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला काय म्हाईत? तुम्ही कुल्फीवाले."

आणि मी बोललो. सगळ्यांसमोर. "मी माझ्या मित्राचं औषध असंच गोठवलं. काखेत धरून वितळवलं आणि गुपचूप दिलं. कोणाला सांगितलं नाही."

कुल्फी कोणाच्या तरी बोटावरून गळून फरशीवर पडली.

"मंग त्या मानसाचं काय झालं?"

"दहा-अकरा दिवसांखाली गेला."

तिनं डबा काउंटरवर ठेवला, म्हणजे आपटलाच. "अन् तुम्ही गप बसले? नर्सबाईला सांगायचं नाही? लाज वाटली आसंल! लाजंपायी मानसाचं औषध नासवून त्याच्याच अंगात घातलं? कुल्फी हाय का ती? पांढरे केस झाले तुमचे, काका, काही अक्कल? तुमच्या घरचं मानूस आसतं तर घातलं आसतं का तसंच?" ती थांबेना. एका म्हाताऱ्यानं "जाऊ द्या बाई" म्हटलं तर त्यालाही फटकारलं. मी काउंटरमागे मान खाली घालून उभा होतो. माझ्या तोंडावर कोणीतरी गार पाणी मारतंय आणि कितीतरी दिवसांनी मला जाग येतेय, असं वाटत होतं. मनात म्हणत होतो, बोल बाई, आणखी बोल.

बोलून झाल्यावर तिनं दम घेतला. "आता मी काय करू ते सांगा."

मी फ्रीजमधल्या, बर्फाच्या कप्प्यातल्या नव्हे, खालच्या, दोन गार जेलपिशव्या काढल्या. हल्ली ठेवतो मी. वर्तमानपत्राच्या घड्या केल्या, औषध आणि पिशव्यांच्या मध्ये घातल्या, डबा चिकटपट्टीनं बंद केला. हलवू नको म्हणालो, मांडीवर धर. तिनं डबा उचलला. आभार मानले नाहीत, वळूनही पाहिलं नाही. चिखलीच्या गाडीकडे निघून गेली.

दोन मिनिटं लागली तिला, रफीक. ओळख ना पाळख. तुझ्याजवळ दोन वर्षं होती.